यमुनाबाईंच्या कमरेचा कॅमेरा

इतकी वर्षं दुकानात काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांना चुकीचे कॅमेरे घेऊ दिले नाहीत. ऐकणारा हसतो. पण नाशिकच्या मेन रोडवरच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात एकोणतीस वर्षं काउंटरवर काढल्यावर मला त्याच कामाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. माझं नाव सुलभा कुलथे, दुकानात सगळे मला कुलथे मॅडम म्हणत.

गिऱ्हाईक आत आलं की मी आधी त्याचा खिसा बघायचे. पैशांचा खिसा बघायला आमचे मालक हेमंतभाई होते, मी कापडाचा बघत असे. शर्टाला खिसा आहे का, पँट घट्ट आहे की सैल, पर्स खांद्याला आहे की मुठीत. कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना खरं तर रोज जवळ राहील असा कॅमेरा हवा असायचा आणि मागायचे मात्र ते भलामोठा कॅमेरा. बँकेतले एक साहेब असाच मोठा कॅमेरा, तीन भिंगं आणि बॅग घेऊन गेले. दोन वर्षांनी तो विकायला आणला तेव्हा बॅगेतली ओल शोषणारी पुडीसुद्धा जागची हललेली नव्हती. उलट लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी मोठाच पाहिजे म्हणून हटून बसले होते. मी त्यांना विचारलं, लिलावात तुमचे दोन्ही हात मोकळे लागतात की नाही? ते थांबले. छातीच्या खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेऊन गेले आणि पुढे कितीतरी दिवाळ्यांना त्यांच्याकडून आमच्या दुकानात कांद्याची गोणी येत राहिली.

या खिशातल्या कॅमेऱ्याला आम्ही कॉम्पॅक्ट म्हणतो. त्याचं गणित सोपं आहे. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी एक चौकोनी चकती असते, सेन्सर. ती मोठी असली तर फोटो चांगला येतो, पण मग भिंगही मोठं लागतं आणि कॅमेरा खिशात मावत नाही. लांबचं जवळ आणायचं तर भिंग नळीसारखं बाहेर यावं लागतं आणि बाहेर येणाऱ्या नळीत धूळ जाते. पाण्याला टिकणारा हवा तर झूम सोडावा लागतो. सगळं एकात कधीच मिळत नाही. म्हणजे गिऱ्हाइकानं काय सोडलं तर त्याचं अडणार नाही, ते ओळखायचं, एवढंच आमचं काम. आणि कॅमेरा दिल्यावर त्यातलं घड्याळ लावून द्यायचं. ते कुणीच लावत नाही. नाशकातल्या निम्म्या घरांतल्या फोटोंवर तारीख एक जानेवारीचीच असते, मग त्या फोटोत दारात आकाशकंदील का टांगलेला असेना.

पुढे मोबाइल आले आणि आमची कॉम्पॅक्टची तीन कपाटं उतरत उतरत एका काचेच्या फळीवर आली. हेमंतभाई म्हणायचे, मॅडम, ही फळी पण काढू या, तिथं मोबाइलची कव्हरं लावू. मी म्हणायचे, बघू पुढच्या महिन्यात. अलीकडे कॉलेजच्या मुली जुने छोटे कॅमेरे शोधत यायला लागल्या, तेव्हा त्या फळीला पुन्हा थोडे दिवस आले. पण ती फळी मी का जपली याचं कारण त्या मुली नाहीत. सुरगाण्याच्या यमुनाबाई गावित आहेत. आणि त्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदा चुकले होते, हेही इथंच सांगून टाकते.

ऐन मेमधली दुपार होती. एक बाई आणि त्यांच्यासोबत पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ दुकानात आले. बाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, अंगावर गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. गृहस्थ त्यांच्या पाड्याजवळच्या आश्रमशाळेतले शिक्षक, चौधरी गुरुजी. बाईंनी पिशवीतून भाताची एक वाळलेली लोंबी काढली आणि माझ्या काउंटरच्या काचेवर ठेवली. मी जवळून पाहिलं. प्रत्येक दाण्याच्या टोकाला काजळाची तीट लावावी तसा काळसर जांभळा ठिपका होता.

"याला आमच्यात काजळ्या म्हणतात," बाई म्हणाल्या. "याचा फोटो पायजे. पण दाण्याचा नाय, फुलाचा."

बाकीचं गुरुजींनी सांगितलं. काजळ्या हा त्या पाड्याचा जुना भात. उताराच्या जमिनीत, धो धो पावसात उभा राहणारा. मध्यंतरी सगळ्यांनी बाजारचं बियाणं घेतलं आणि काजळ्या मागे पडला. फक्त यमुनाबाईंच्या सासूनं एका कणगीत तो जपला आणि सासूनंतर यमुनाबाईंनी. मग एका वर्षी अतिपावसात बाजारचा भात आडवा झाला. पुढच्या पेरणीला अख्ख्या पाड्यानं बी नेलं ते यमुनाबाईंच्या कणगीतून. आता असं होतं, की शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणाची सरकारकडे नोंद करता येते. एकदा नोंद झाली की दुसऱ्या कुणाला तो आपला म्हणता येत नाही. गुरुजींनी पाड्याच्या नावानं अर्ज केला होता. तो परत आला. बाकी सगळं ठीक होतं, पण वाणाची एक मुख्य खूण फोटोत दिसत नव्हती. भाताचं फूल उघडतं तेव्हा त्यात दोन बारीक पिसं असतात, परागकण धरणारी. बहुतेक भातांत ती पांढरी असतात, काजळ्यात जांभळी. त्या पिसांचा स्पष्ट फोटो, तारखेसकट, येत्या हंगामात पाठवा, असं पत्र होतं.

"मोबाइलनं नाही आला?" मी विचारलं.

गुरुजींनी मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या छापील प्रती दाखवल्या. मागचं पान स्वच्छ, पुढचं फूल म्हणजे नुसता धूर. यमुनाबाईंच्या घरातला एकच मोबाइल त्यांचा मुलगा द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरीकडे जाताना घेऊन जातो, हे कारण होतंच. दुसरं असं, की पावसात ओल्या बोटांना त्याची काच दादच देत नाही. त्यात ही फुलं दिवसातून तास-दीड तासच उघडतात, सकाळी दहा-अकराच्या पुढे, आणि तीही ऊन पडलं तर. गुरुजी शाळा सुटल्यावर मोबाइल घेऊन येईपर्यंत फुलं मिटलेली असायची.

घाई का होती, तेही कळलं. तालुक्याच्या बाजारात एका बियाणे विक्रेत्यानं हेच बी रंगीत पाकिटात, वेगळं नाव देऊन विकायला काढलं होतं. त्यानंही स्वतःच्या नावानं अर्जाची तयारी चालवली आहे, अशी बातमी होती. यमुनाबाई हे ऐकताना लोंबीवरून बोट फिरवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सासूनं दिलंय. उद्या मलाच दुकानातून घ्यावं लागंल."

मी कामाला लागले. आणि माझं पहिलं चुकलं ते इथं. काम बारीक आहे, म्हणजे फोटो उत्तम आला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. फळीवरचा सगळ्यात देखणा, चपटा, चंदेरी कॅमेरा मी काढला. त्याचं भिंग बटण दाबलं की सुळकन बाहेर यायचं. काचेवरच्या त्या लोंबीचा मी फोटो काढला, दाण्यावरची लवसुद्धा दिसली. गुरुजी खूश झाले. यमुनाबाईंना मी दहा मिनिटांत शिकवलं, घड्याळ लावून दिलं. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. त्या पिशवीकडे पाहून मला थांबायला हवं होतं. इतकी वर्षं खिसा बघणारी मी, या बाईला खिसाच नाही, हे मला दिसलं नाही. वातानुकूलित दुकानात, कोरड्या काचेवर, पंख्याचंही वारं नसताना काढलेल्या फोटोवर मी भुलले.

पितृपक्ष संपत आला होता तेव्हा गुरुजींचा फोन आला. कॅमेऱ्याचं भिंग अर्धं बाहेर येऊन अडकलं होतं. यमुनाबाई तो शेतात नेत होत्या, बांधावर पिशवी ठेवत होत्या, आणि एकदा चिखलाच्या हातानं घाईत काढताना नळीत कण गेला. भात निसवला होता, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या होत्या. दोन दिवसांत फुलं उघडायला लागतील आणि आठवडाभरात संपतील.

गुरुजी मला दोष देत नव्हते, दुरुस्ती किती दिवसांत होईल एवढंच विचारत होते. दुरुस्ती मुंबईला जाऊन यायची, तीन आठवडे तरी लागणार, हे मला माहीत होतं. मी फोन ठेवला आणि हेमंतभाईंना सगळं सांगितलं. कॅमेरा बदलून एसटीच्या पार्सलनं पाठवू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, कुठला पाठवायचा तेच मला इथं बसून कळणार नाही, एकदा चुकले आहे, मी स्वतः जाते. हेमंतभाई उठून फळीपाशी गेले. मग त्यांनी फळीच्या अगदी कोपऱ्यातून एक केशरी, जाडसर डबी काढून माझ्यासमोर ठेवली.

"हा पण न्या," ते म्हणाले. "तुम्ही कधी विकला नाहीत म्हणून पडलाय."

खरं होतं ते. तो पाण्यात पोहताना वापरायचा कॅमेरा. एका हौशी गिऱ्हाइकानं मागवला आणि नेलाच नाही. दिसायला लहान मुलांच्या खेळण्यासारखा. त्याची चकती लहान, झूम जेमतेम, कमी उजेडात फोटो दाणेदार यायचे. मी त्याला कधी गांभीर्यानं घेतलं नव्हतं. पण त्याचं भिंग बाहेर येत नाही, आतल्या आतच हलतं. त्याला पाणी, चिखल, पडणं, काही लागत नाही. आणि त्याला एक सोय होती जिचा शहरात कुणाला उपयोग नव्हता. तो वस्तूपासून बोटभर अंतरापर्यंत जवळ नेता यायचा आणि भिंगाभोवती बारीक दिव्यांची कडी होती. मी आणखी दोन कॅमेरे पिशवीत टाकले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची वणीची गाडी धरली. वणीहून सुरगाणा, सुरगाण्याहून जीप, आणि शेवटचा अर्धा तास गुरुजींच्या मागे पायवाटेनं.

यमुनाबाई शेतात होत्या. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. बिघडलेला कॅमेरा त्यांनी आधीच स्वच्छ पुसून ठेवला होता.

"चांगला हाय हा," त्या म्हणाल्या, "पण लय लाडाचा हाय."

मी त्यांना म्हटलं, आज मी काही शिकवणार नाही, तुम्ही रोज करता ते करा, मी नुसती बघते. त्यांना ते विचित्र वाटलं असणार. पण त्या कामाला लागल्या आणि मी बांधावर इरलं डोक्यावर घेऊन बसले. तासाभरात मला दुकानात कळायला हवं होतं ते सगळं कळलं. त्यांचा उजवा हात सतत कशात तरी असतो, गवतात, चिखलात, नाहीतर विळ्यावर. डावा हात लोंबी धरतो. भाताची लोंबी कधी स्थिर नसते, जरा वारा आला की डुलते. तिचा बारीक फोटो काढायचा तर एका हातानं ती धरावीच लागणार. म्हणजे कॅमेरा एका हातानं चालला पाहिजे, तोही ओल्या हातानं. आणि लुगड्याला खिसा नसला तरी कमरेला एक कापडी पिशवी घट्ट बांधलेली असते. पानतंबाखू, सुतळी, दोन-चार दाणे, सगळं तिच्यात. चिंब भिजलेली. त्यांच्या अंगावर वस्तू ठेवायची जागा तेवढी एकच होती.

मी तिन्ही कॅमेरे त्यांच्यासमोर धरले नाहीत. फक्त केशरी डबी दिली. त्यांनी ती तळहातावर तोलली आणि विचारलं, "पाण्यात पडला तर?"

मी कॅमेरा त्यांच्या हातून घेतला आणि समोरच्या खाचरात, गुडघाभर पाण्यात सोडून दिला. गुरुजी दचकले. यमुनाबाईंनी वाकून तो काढला, पदरानं न पुसताच बटण दाबलं, आणि तो सुरू झाला. त्या पहिल्यांदा हसल्या. मग कमरेची पिशवी सोडून त्यातलं तंबाखूचं पान त्यांनी माझ्यासमोर गुरुजींच्या हातात दिलं आणि त्या जागी कॅमेरा ठेवला. बरोबर बसला.

मी त्यातलं घड्याळ लावून दिलं आणि उरलेला दिवस आम्ही सराव केला. फुलं उघडली नाहीत, आभाळ भरलेलं होतं. कॅमेऱ्याचं बटण आधी अर्धंच दाबायचं असतं, म्हणजे तो नेम धरतो, आणि मग पूर्ण. हे अर्धं दाबणं शिकवताना माझा जन्म गेला आहे. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसांनाही ते चार-चार दिवस जमत नाही. यमुनाबाईंना तिसऱ्या वेळी जमलं. नखानं एकेक दाणा वेचून बियाणं निवडणाऱ्या बोटाला अर्धं म्हणजे किती ते आधीच कळत होतं. मी त्यांना डावा अंगठा आणि दोन बोटांत लोंबी धरायला सांगितली आणि कॅमेऱ्याची कड त्याच हातावर टेकवायला सांगितली, म्हणजे हात आणि लोंबी एकत्र हलतील. बांबूवरच्या मुंग्यांचे, पानावरच्या थेंबांचे, स्वतःच्या बांगडीचे त्यांनी पन्नासेक फोटो काढले. मी गुरुजींच्या घरी मुक्कामाला राहिले. गुरुजींच्या घरच्यांनी नागलीची भाकरी आणि उडदाच्या डाळीचं घट्टसर भुजं वाढलं. पण माझं लक्ष सगळं आभाळाकडे.

दुसऱ्या दिवशीही सकाळपासून अंधारलेलं. गुरुजींनी शाळेत रजा टाकली होती. दहा वाजले, साडेदहा वाजले. रिमझिम थांबेना. अकराच्या सुमारास गुरुजी म्हणाले, आज काही उघडत नाही, चला, दोन घास खाऊन येऊ. मला भूक नव्हती, पण पाय चिखलात गारठले होते. यमुनाबाई म्हणाल्या, तुम्ही जा, मला पाखरं हाकायची आहेत. आम्ही चढ चढून घरी गेलो. ताटावर बसलो आणि दारातून ऊन आत आलं. एकदम लख्ख. मी ताट तसंच ठेवून उठले. पायवाट निसरडी, मी साठीच्या जवळची, गुरुजी माझा हात धरून चाललेले. शेताशी पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला आणि आभाळ पुन्हा मिटलं. जवळच्या लोंब्या मी हातात घेऊन पाहिल्या. फुलं उघडून मिटली होती, दाण्याबाहेर सुकलेले पिवळे धागे तेवढे लोंबत होते.  एवढ्या लांब येऊन मी जेवायला गेले होते.

यमुनाबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

पहिला फोटो हललेला. दुसऱ्यात नुसतं बोट. तिसरा बरा, पण पिसं आडोशाला. चौथा मी पाहिला आणि गुरुजींना हाक मारली. भाताचं फूल, दोन टरफलं उघडलेली, बाहेर फिकट पिवळे तुरे, आणि त्यांच्या बुडाशी दोन जांभळी पिसं. मोराच्या पिसाचा तंतू असावा तशी, एकेक केस मोजून घ्यावा इतकी स्पष्ट. कोपऱ्यात यमुनाबाईंच्या अंगठ्याचं नख, चिखलानं काठोकाठ भरलेलं. खाली तारीख आणि वेळ.

"माझं बोट आलंय," त्या म्हणाल्या. "चालंल ना?"

मी म्हटलं, चालेल. 

पण पुढचा फोटो पाहून मी आणखी चकित झाले. तोही तसाच स्पष्ट, पण पिसं पांढरी. मला वाटलं उजेडामुळे रंग उडाला. यमुनाबाई म्हणाल्या, तो काजळ्या नाही, शेजारच्या खाचरातला बाजारचा भात आहे. पाऊण तासाच्या उन्हात काजळ्याचे फोटो झाल्यावर त्या पळत शेजारच्या बांधावर गेल्या होत्या आणि त्याचेही काढून आल्या होत्या.

"दोन्ही शेजारी ठेवा," त्या म्हणाल्या. "मंग ज्याला डोळे हायत त्याला दिसंल."

हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. गुरुजींनी नाही, मी नाही, आणि पत्रातही तसं काही मागितलेलं नव्हतं. नाशिकला परत येताना जीपमध्ये मला राहून राहून वाटत होतं, आपण तिथं असतो तर आपणच कॅमेरा मागून घेतला असता. कपाळावर आठ्या घालून दहा फोटो काढले असते आणि पांढऱ्या पिसांचा एकही नसता.

अर्ज पुन्हा गेला. या वेळी परत आला नाही. बियाण्याचा नमुना मागवला गेला, सरकारी शेतात दोन हंगाम तो पेरून पाहिला गेला. तेवढ्या काळात यमुनाबाईंनी रोपापासून दाण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. दर दोन-तीन महिन्यांनी गुरुजी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड घेऊन नाशिकला यायचे, मी फोटो उतरवून, निवडून द्यायचे. निवडायला फारसं काही उरायचंच नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एकदा लोंब्या कधी बाहेर पडल्या ते विचारलं, तर बाईंनी फोटोवरची तारीख दाखवली. त्या विक्रेत्याचा अर्ज पुढे सरकलाच नाही, असं गुरुजींकडून समजलं. त्याच्याकडे पाकिटातल्या दाण्यांचे झकास फोटो होते, पण शेतात उभ्या भाताचा एकही नव्हता.

नोंद झाल्याचं प्रमाणपत्र द्यायचा कार्यक्रम सुरगाण्याला होता. हेमंतभाईंनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही दोघंही गेलो. मांडव भरलेला होता, पाड्यावरची झाडून सगळी माणसं तीन जीप करून आली होती. पाठीमागच्या पडद्यावर ते दोन फोटो हातभर मोठे करून शेजारी शेजारी लावले होते, जांभळी पिसं आणि पांढरी पिसं. बाहेरगावाहून आलेले एक मोठे अधिकारी बराच वेळ ते बघत उभे राहिले. मग माइकवरच त्यांनी विचारलं, हे फोटो कोणत्या प्रयोगशाळेत काढले?

गुरुजींनी यमुनाबाईंकडे बोट दाखवलं. बाई उठल्या. त्यांच्या अंगावर नवं लुगडं होतं, पण कमरेला पिशवी तीच. त्यांनी ती सोडली, केशरी कॅमेरा बाहेर काढला, रंग ठिकठिकाणी उडालेला, कडेला वाळलेला चिखल, आणि तो वर धरला.

"शेतात काढले," त्या म्हणाल्या. "माझ्या."

टाळ्या किती वेळ चालल्या ते मला आठवत नाही. हेमंतभाई उभे राहून टाळ्या वाजवत होते एवढं आठवतं. प्रमाणपत्रावर वाणाचं नाव काजळ्या असंच आहे, आणि धारक म्हणून अख्ख्या पाड्याचं नाव. गुरुजींनी भाषणात माझंही नाव घेतलं. मी उभी राहिले, पण मला त्या चंदेरी कॅमेऱ्याची आठवण येऊन थोडं कानकोंडंही वाटलं. मला तसं वाटणं योग्यच होतं, असं मी अजूनही म्हणते. तो कॅमेरा दुरुस्त होऊन आला, फळीवर बसला, एका प्राध्यापकांनी नेला. त्यांना तो सुखाचा झाला.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात यमुनाबाई न कळवता दुकानात आल्या. सोबत दोन बायका होत्या. एक त्यांच्याच बाजूची, नागलीची जुनी बियाणी राखणारी. दुसरी इगतपुरीकडची, तिच्या घरी कोळप्या नावाचा एक लाल भात होता आणि तिला त्याची नोंद करायची होती. दोघींना कॅमेरे हवे होते. मी सवयीनं पुढे झाले, फळीकडे वळले, आणि माझं कुणी ऐकतच नाही असं लक्षात आलं. दोघी यमुनाबाईंकडे बघत होत्या.

यमुनाबाईंनी हेमंतभाईंकडे पाण्याचं भांडं मागितलं. दोघींना हात ओले करायला सांगितले आणि फळीवरचा एकेक कॅमेरा त्यांच्या हातात देऊन एका हातानं सुरू करायला लावला. ज्याचं बटण निसटलं तो बाजूला. ज्याचं भिंग बाहेर आलं तो बघताक्षणीच बाजूला, माझ्याकडे एक नजर टाकून. तीन उरले. आता त्या काय करतात म्हणून मी बघत राहिले. त्यांनी नागलीवाल्या बाईला विचारलं, "तू फोटो उभ्यानं काढणार का बसून? तुझी नागली छातीला लागती का गुडघ्याला?"

नागलीवाली बाई विचारात पडली. मीही पडले. कणीस कमरेच्या खाली असेल तर वाकून पडद्यात बघता येत नाही, पडदा वर वळणारा हवा. इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाला त्याच्या वस्तूची उंची कधी विचारली नव्हती. मी काउंटरच्या मागून बाहेर आले आणि त्या दोघींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. यमुनाबाई पुढे काय विचारतात ते मला ऐकायचं होतं.